बोरिंग आटलं, बाग वाळली. माळी म्हणतो सगळं उपटा. काय करू?

लोकमान्यनगरची_बाग

नमस्कार. आमचं घर इंदूरला लोकमान्य नगरात. जुनं बांधकाम, त्यामुळे मागेपुढे बऱ्यापैकी मोकळी जागा आहे. झाडं सगळी सासूबाईंच्या हातची. मागे चिकू आणि कागदी लिंबू, फाटकापाशी सोनचाफा, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कढीलिंब, भिंतीच्या कडेने मोगरा, कोपऱ्यात पारिजातक, पुढे थोडी हिरवळ. सासूबाई आता ८५ वर्षांच्या आहेत. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि रोज विचारतात, "चिकूला काही फुटलं का गं?"

लागोपाठचे पावसाळे आमच्या भागात जेमतेम गेले. बोरिंग आधी फक्त मे महिन्यात दम टाकायचं, मग दिवाळीनंतरच हवा सोडायला लागलं, आता तर पार कोरडं आहे. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते घरालाच पुरवून पुरवून वापरावं लागतं. बागेसाठी काही महिने टँकर घेतले. तो कुठल्यातरी बोरिंगवरचा. जिथे जिथे ते पाणी घातलं तिथे मातीवर पांढरा थर धरला. शेवटी टँकर थांबवले, कारण सगळ्या कॉलनीत प्यायच्या पाण्याची ओढाताण असताना झाडांवर पाणी ओतणं मनाला पटेना. भाज्या धुतलेलं, तांदळाचं पाणी तेवढं कढीलिंबाला आणि तुळशीला घालत राहिले.

आज बागेची अवस्था अशी: चिकूची पानं जवळजवळ सगळी गळली. लिंबाचा शेंडा वाळला, खाली चारदोन फांद्यांवर पिवळी पानं आहेत. सोनचाफ्याची साल एका बाजूने, पश्चिमेकडून, तडकली आहे. मोगरा म्हणजे नुसत्या काड्या. पारिजातकाचं काही कळत नाही. हिरवळ गेली. जमिनीला अशा भेगा पडल्या आहेत की माझा हात मनगटापर्यंत आत जातो.

आता या आठवड्यात पहिले दोन चांगले पाऊस झाले. माळीदादा म्हणाले, "भाभी, सगळं उपटून टाकू, दोन ट्रॉली लाल माती टाकू, नवी झाडं लावू, राहिलेल्या जागेत फरशी करू." खर्चाचं बघता येईल, पण सासूबाईंच्या डोळ्यांदेखत चिकूवर कुऱ्हाड घालायची माझी हिंमत नाही. उगाच भावनेपोटी मेलेली झाडं धरून बसायचंही नाही. म्हणून विचारते: कुठलं झाड जिवंत आहे हे ओळखायचं कसं? आणि सुरुवात कुठून करायची? नवी माती, खत, छाटणी की आणखी काही?

विजयनगर_गच्ची

ताई, मी माळीदादांच्या बाजूने आहे. आमच्याकडेही बोरिंग बसल्यावर दोन वर्षं वाट बघितली. झाडं पुढे रोगट झाली, वाळवी लागली. शेवटी काढून टाकली आणि गच्चीवर गमल्यांत सुरुवात केली. बादलीभर पाण्यात सगळं भागतं, कढीलिंब, पुदिना, गवती चहा घरचा मिळतो. पाणी जर यापुढेही असंच राहणार असेल तर जमिनीवरची मोठी झाडं सांभाळणं कठीण आहे. हा विचार एकदा घरात बसून नक्की करा.

काळीमाती

ताई, थांबा. माळीदादांना निदान या पावसाळ्यात फावडं लावू देऊ नका. माझी सगळी नोकरी माती तपासण्यात गेली, माळव्याच्या काळ्या मातीचे नमुने आयुष्यभर हाताळले, आणि २००० ते २००२च्या दुष्काळात इथल्या कितीतरी बागा जाऊन पाहिल्या. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की निम्म्याहून जास्त झाडं जिवंत असावीत. आधी माती सावरा. झाडांच्या बाबतीत सध्या फक्त बघायचं आणि धीर धरायचा.

जिवंत आहे का ते असं बघा. फांदीच्या टोकाकडून सुरुवात करून नखाने साल जरा खरवडा. खाली हिरवट ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं असलं तर वीतभर खाली सरका आणि परत बघा. असं करत करत बुंध्यापर्यंत या. कुठे हिरवं लागतं तिथे खडूने खूण करा. टोक वाळलं म्हणजे झाड गेलं असं नाही. पाणी तुटलं की झाड आधी शेंडे सोडून देतं आणि खोड-मुळं राखतं. मोगरा, जास्वंद, रातराणी, पारिजातक ही झुडुपं तर वरून पूर्ण वाळली तरी जमिनीलगत फुटतात. कढीलिंब मुळांवरून फुटवे काढतो. त्याची मला अजिबात काळजी वाटत नाही, त्यातून तुम्ही त्याला तांदळाचं पाणी घालत होतात. चिकू मात्र संथ झाड आहे. त्याला वेळ लागेल, आणि मोठ्या झाडांवर दुष्काळाचा परिणाम पुढची दोनतीन वर्षंसुद्धा दिसत राहतो. खोडाला हिरवं लागलं तर पुढच्या चैत्रापर्यंत निकाल लावायचा नाही.

आता माती, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. हात जाईल एवढ्या भेगा पडल्या म्हणजे बारीक मुळं तुटलेली आहेत. अशा जमिनीवर नळी सोडली तर पाणी भेगांतून सरळ खाली निघून जातं, मुळांच्या पट्ट्यात थांबतच नाही. लोक म्हणतात "इतकं पाणी घातलं तरी झाड उठेना", त्याचं कारण हे. म्हणून भेगा आधी भरा. जुनं, चाळलेलं शेणखत आणि कोरडी बारीक माती निम्मीनिम्मी मिसळून भेगांत सोडा. पावसात भेगा आपोआप मिटतील, पण हे मिश्रण आत गेलेलं असलं तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागा ओल धरतात.

चिखलात काम करू नका. काळी माती ओली असताना खणली की तिची ढेकळं होतात आणि ती वाळल्यावर विटेसारखी कडक होतात. पाऊस थांबल्यावर वापसा येऊ द्या. माती मुठीत दाबून गोळा केला आणि तो अंगठ्याने ढकलताच सुटला तर वापसा आला. तेव्हा खुरपीने वरवर दोन बोटं हलवा, इतकंच. झाडाखाली खोल खणून उरलीसुरली मुळं तोडू नका.

लाल माती बिलकुल टाकू नका. काळ्यावर लाल असे दोन थर झाले की पाणी त्यांच्या सांध्यावर अडतं आणि तिथे मुळं कुजतात. शिवाय जुन्या झाडाच्या मुळांवर फूटभर नवी माती पडली तर त्यांना हवा मिळत नाही. दुष्काळातून वाचलेलं झाड असं भरावाखाली जातं. वाळू मिसळायचा सल्लाही कुणीतरी देईल. काळ्या मातीत थोडी वाळू घातल्याने ती भुसभुशीत होत नाही, उलट आवळते. या मातीला हवं असतं ते कुजलेलं खत आणि पालापाचोळा, तेही वर्षानुवर्षं.

पांढरा थर क्षारांचा आहे. तो कोरडा असतानाच खरडून घमेल्यात भरा आणि बागेबाहेर टाका. उरलेले क्षार पावसाचं गोडं पाणी खाली नेईल, पण त्यासाठी पाणी तिथे मुरलं पाहिजे, वाहून जाता कामा नये. जिप्सम, म्हणजे अशी माती सुधारायला टाकतात ती खनिज भुकटी, टाकण्याची घाई करू नका. मातीचा सामू (पीएच) साडेआठाच्या वर असेल तरच त्याचा उपयोग, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. बागेत पाचसहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा सहा इंच खोल खड्डा करा, त्याच्या उतरत्या बाजूची पातळ चकती काढा, सगळं एकत्र मिसळून सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो माती तपासायला द्या. पांढऱ्या थराच्या जागेचा नमुना वेगळा ठेवा.

युरिया, डीएपी, "टॉनिक" असलं काहीही सध्या नको. मुळं तुटलेली असताना रासायनिक खत दिलं तर कोवळी मुळं भाजतात, आणि जोर करून पालवी फुटली तरी तिला पाणी पुरवायला मुळं नसतात. नवी पानं जून होऊन गडद हिरवी झाली की मग बघू.

आळं बुंध्याशी करू नका. दुपारी झाडाची सावली जिथे संपते, पूर्वी भरलेलं असताना जिथे संपत होती, तिथे पाणी पिणारी बारीक मुळं असतात. त्या वर्तुळावर सहा इंच खोल चर काढा, त्यात खत-पाला भरा. पावसाचं पाणी तिथेच मुरेल. पाऊस ताणला तर त्याच चरात हळूहळू पाणी द्या, बुंधा कोरडा ठेवा. वरून तीनचार इंच आच्छादन करा. वाळलेली पानं चालतील, सोयाबीनचं किंवा गव्हाचं भुसकट तर आपल्याकडे हवं तेवढं मिळतं. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते आणि वाळवी लागते. विजयनगरवाल्या ताईंनी वाळवीचं म्हटलंय ते खरं आहे, दुबळ्या झाडावर कीड आधी येते. म्हणूनच खोड रोज बघायचं. भुशासारखा चुरा पडलेला आणि खोडाला भोक दिसलं तर तो भिरूड. तारेने अळी ओढून काढा, रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा आत सारा, वरून चिखलाने लिंपा.

सोनचाफ्याची पश्चिमेची साल उन्हाने भाजली आहे. पानांची सावली गेली की खोडावर दुपारनंतरचं ऊन थेट येतं. सुटलेली साल हलकेच काढा आणि बोर्डो मलम लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १ लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा, मग एकत्र करा. लोखंडाचं भांडं नको. तयार झाल्यावर त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना थोडा वाढवा. मोरचूद सियागंजच्या बाजारात मिळेल, तिथे "नीला थोथा" म्हणा. हातात मोजे घाला, आणि घरात लहान मुलं असतील तर उरलेली पुडी त्यांच्या हाताला लागू देऊ नका. हेच मलम छाटलेल्या प्रत्येक जागी लावायचं. छाटणी मात्र आता फक्त पूर्ण वाळलेल्या फांद्यांची, तीही उघडीप मिळेल त्या दिवशी.

हिरवळीच्या जागी या पावसाळ्यात ताग पेरा. इथल्या बियाण्यांच्या दुकानात "सन" किंवा "सनई" म्हणून मिळतो. वापसा आला की फेकून पेरायचा, दीडएक महिन्यात फुलावर येऊ लागला की कापून तिथेच मातीत दाबायचा. तागाची मुळं घट्ट काळी माती फोडतात आणि हवेतला नत्र जमिनीत आणतात. हिरवळ आपली देशी हरळी असेल तर तिचे कोंब खाली असतातच, ती परत येईल. विकतचं गालिच्याचं गवत असेल तर ते गेलं समजा आणि परत लावू नका.

शेवटचं, खताबद्दल. आपण इंदूरकर आहोत आणि खत विकत आणतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. सगळ्या जगात कंपोस्टची जी "इंदूर पद्धत" म्हणून शिकवतात, ती आपल्याच कृषी महाविद्यालयाच्या आवारात तयार झाली. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात तिथे होते, तेव्हा ती संस्था होळकर आणि इतर संस्थानांच्या मदतीने चाले, आणि त्यांच्याबरोबर हे काम केलं ते यशवंत वाड या आपल्या मराठी शास्त्रज्ञाने. पाचोळा, ओला कचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि थोडी लाकडाची राख यांचे थर, मधूनमधून उलथापालथ, आणि साधारण तीन महिन्यांत खत. कोरड्या दिवसांत ते खड्ड्यात करत, पावसाळ्यात जमिनीवर ढीग लावत, कारण खड्ड्यात पाणी साचलं की हवा कोंडते आणि खत सडून वास मारतं. तुम्हीही आता ढीगच लावा, वरून प्लास्टिक किंवा पत्रा. वाळलेल्या फांद्यांचे बारीक तुकडे तळाशी घाला. आत्ता लावलात तर नवरात्राच्या सुमारास खत हातात येईल, शेवंती-झेंडू आणि हिवाळी भाजीला अगदी वेळेवर.

देवासकर

काळीमाती काकांनी मातीचं सगळं सांगितलं, मी फक्त पाण्याचं बोलतो. देवासला १९९० मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा मी शाळेत होतो. आपल्या माळव्याला "डग डग रोटी, पग पग नीर" म्हणतात, आणि आम्ही हंडे घेऊन रांगेत उभे. पुढे २००६ पासून आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी शेतात तळी खोदली, हजारोंनी, आणि बोरिंगमागे धावणं कमी झालं. घरच्या बागेलाही तोच हिशोब लागू पडतो.

हजार चौरस फुटांच्या छतावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३६० लिटर पाणी होतं. इंदूरची सरासरी साधारण ३७-३८ इंच. वाया गेलेलं पाचव्या हिश्श्याने वजा केलं तरी हंगामात ७० हजार लिटर होतात, म्हणजे ५ हजार लिटरचे १४ टँकर, आणि पाणी एकदम गोडं, क्षार नसलेलं. ताईंच्या मातीला नेमकं तेच हवं आहे. छताचा पाइप गटारात सोडलेला असेल तर तो आजच वळवून चिकूच्या चरात सोडा. पहिल्या दोनतीन पावसांचं पाणी जाऊ द्यायचं असतं, ते तुमच्याकडे होऊनच गेलंय.

जास्तीचं पाणी बंद पडलेल्या बोरिंगमध्ये सोडता येतं, पण मधे गिट्टी आणि वाळूची गाळणी पाहिजेच. छतावरची घाण सरळ बोरिंगमध्ये गेली तर ती शेजाऱ्यांच्या पाण्यातही जाते. पाऊस कमी झाला तरी जे पडतं ते धरलं तर एवढी झाडं नक्की जगतात, हे मी विजयनगरवाल्या ताईंनाही सांगेन.

लोकमान्यनगरची_बाग

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. हॉवर्ड साहेबांचं नाव त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलं होतं म्हणाल्या, आणि लगेच मुलाला राख कुठे ठेवली आहे ते सांगायला लागल्या.

खरवडून बघितलं. सोनचाफा वरपासून हिरवा. लिंबू शेंड्याकडून हातभर सोडलं तर हिरवं. मोगऱ्याच्या काड्या कोरड्या, पण बुंध्याशी हिरवं लागलं. पारिजातकाला तर दोन कोंबच दिसले. चिकूच्या वरच्या फांद्या बहुतेक तपकिरी आहेत, जाड फांद्यांना आणि खोडाला हिरवं आहे. पाइप मुलाने कालच वळवला. माळीदादांना मी समजावलं की कुऱ्हाड नको, ढीग लावायला आणि चर काढायला या. ते तयार झाले, त्यांची मजुरी बुडणार नाही हे बघितलं.

एकच शंका. चिकूच्या बुंध्याशी, जमिनीपासून चार बोटांवर, नवे हिरवे फुटवे आले आहेत. सासूबाई खूश आहेत. पण पानं मला चिकूची वाटत नाहीत, टोकाला गोल आणि जरा खाच असलेली आहेत. हे ठेवू का?

काळीमाती

ताई, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ते फुटवे खिरणीचे आहेत. चिकूची कलमं खिरणीच्या रोपावर बांधतात, आपल्या मांडूला जिची झाडं आहेत तीच खिरणी. खोडावर खालच्या बाजूला कुठेतरी जाडसर गाठ किंवा तिरपी खूण दिसेल, तो कलमाचा सांधा. त्याच्या खाली जे फुटेल ते खिरणी, वर फुटेल ते चिकू. खालचं ठेवलंत तर ते सगळा जोर खाईल आणि चिकू मागे पडेल. कोवळं असतानाच हाताने खाली ओढून बुडापासून काढा. कात्रीने कापलं तर तिथूनच परत फुटतं.

पण सासूबाईंना सांगा की ही चांगली बातमी आहे. मुळं काम करत आहेत, म्हणून खाली फुटवा आला. खालचे काढत राहिलात तर आता जोर सांध्याच्या वर, जाड फांद्यांकडे जाईल. वरच्या तपकिरी फांद्या हिरव्या खुणेच्या बोटभर वर कापा आणि मलम लावा. श्रावणात पाऊस स्थिरावला की जाड फांद्यांच्या बगलेत बघत राहा, तिथे टोकदार लालसर कळ्या दिसल्या तर तो चिकू. सगळ्या सांध्याखालीच फुटत राहिलं आणि चैत्रातही वर काहीच आलं नाही, तर तेव्हा एक जोमदार खिरणीचा फुटवा राखून त्यावर पुढच्या पावसाळ्यात चिकूची नवी काडी बांधता येईल. मुळं जुनी, मुरलेली, त्यामुळे नव्या रोपापेक्षा ते लवकर वाढेल.

लिंबाला हा नियम लागू नाही. जुनी कागदी लिंबं बहुतेक बियांपासून किंवा गुटीने, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून, केलेली असतात, तुमच्या सासूबाईंना आठवत असेल. तसं असेल तर लिंबाचा बुंध्यालगतचा एखादा सरळ फुटवा ठेवा. मातीचे दोन्ही नमुने मोठा पाऊस लागायच्या आधी काढून सावलीत वाळत टाका, आणि रिपोर्ट आला की सामू आणि क्षारांचे आकडे इथेच लिहा, जिप्समचं तेव्हा ठरवू.